तवनाप्पांची गुडगुडी

सासरी आल्यावर मी पहिला स्वयंपाक केला तो पुरणाचा, आणि त्या चुलीवर शेजारच्या माणसानं घागरभर पाणी ओतलं.

विचारलं नाही, सवरलं नाही. परड्याची भिंत ओलांडली आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात. मी हिरव्या चुड्याची नवी नवरी, चुलीवर डाळ शिजतेय, आणि समोर एक उंच, हाडकुळा, पांढऱ्या मिशांचा बाप्या धोतराचा काचा मारून उभा. हातात रिकामी घागर. चूल फुस्स करून विझली, राख उडाली ती निम्मी डाळीत आणि निम्मी माझ्या तोंडावर. मला वाटलं, गल्लीत कुणीतरी वेडा मोकाट सुटलाय. मी अशी किंचाळले की माझा आवाज बेळगुंदीला माहेरी ऐकू गेला असेल.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, धावत आल्या. त्यांनी चूल बघितली, त्या माणसाकडे बघितलं, आणि भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "तवनाप्पा, निदान पातेलं तरी उतरू द्यायचं हुतं."

"जाळ बघितलासा काय तुमी? माळ्याला लागत हुता. माळ्यावर काय हाय?"

"तंबाखू."

"मग?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "पोरी, पाणी कुठं हाय?"

मी लगबगीनं त्याला तांब्याभांडं आणून दिलं. त्यानं त्या भांड्याकडे आणि मग माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मी आणखीच गारठले.

"प्यायला न्हवं गं. चुलीपाशी. चुलीपाशी पाणी कुठं हाय?"

ही माझी आणि तवनाप्पांची ओळख. तो दिवस मी अजून विसरलेले नाही. तसं पुरण पुन्हा कधी कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

आता निपाणीत राहायचं म्हणजे विस्तवाला भ्यायला हवं, हे मलाही पुढं कळलं. आमच्या गल्लीत असं घर नव्हतं की ज्याच्या माळ्यावर तंबाखूची पोती नाहीत. वाळलेला पाला, वर लाकडी तुळया, मधे आम्ही माणसं शिंकत आणि जेवत. तवनाप्पांचं सगळं आयुष्य एका वखारीत पोत्यांच्या थप्प्या रचून घेण्यात गेलेलं. ते जैन, बस्तीला, म्हणजे जैनांच्या देवळात, रोज जाणारे, आमच्याशी मराठी बोलायचे आणि बायकोशी व देवाशी कानडी. पण कुठल्याही भाषेत त्यांचा रामराम म्हणजे एकच, "पाणी कुठं हाय?" लग्नाच्या मांडवात, बारशाला, कुणी आजारी असलं तरी. आमच्या नणंदेच्या नवऱ्यानं पहिल्या भेटीत त्यांना दोनदा पाणी आणून दिलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.

एकदा एक फौजदार कसल्याशा चौकशीला गल्लीत आला आणि वखारीच्या दारात उभा राहून त्यानं सिगारेट पेटवली. इंग्रजांचं राज्य, लढाईचे दिवस, फौजदार म्हटलं की बाप्ये दाराआड जायचे. तवनाप्पा सरळ पुढं गेले, साहेबाच्या ओठांतली सिगारेट दोन बोटांनी उचलली, तांब्यात बुडवली आणि भिजलेली सिगारेट परत त्याच्या हातात ठेवली. "घरी जाऊन वाळवा," म्हणाले. आमचे हे दाराच्या फटीतून बघत होते, त्यांना दरदरून घाम फुटला. त्यावर फौजदारानं काय करावं? तो हातातल्या सिगारेटकडे बघत राहिला, आणि मग घोड्यावर बसून निघून गेला. माणूस इतका हबकला की चिडायचंच विसरला, असं हे नंतर कित्येक दिवस सांगत होते.

तर असा हा माणूस. आणि मी निपाणीत येऊन पंधरवडाही झाला नसेल, तोवर आत्याबाईंनी मला सांगितलं की तवनाप्पा रोज गुडगुडी ओढतात.

मी म्हटलं, कोण?

"त्येच. तुझ्या चुलीवर पाणी घालणारं."

माझ्या हातातलं सूपच खाली पडलं. ज्याला दुसऱ्याची चूल बघवत नाही, तो स्वतःच्या घरात हुक्क्यावर इंगळ ठेवतो? आणि वर श्रावक, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारा. मला पटेना. पण दुपार कलली की भिंतीपलीकडून खरंच तो आवाज यायचा. गुडगुड, गुडगुड. सावकाश, सुखात.

त्या गुडगुडीसाठी कोळसा पेटवण्याचा जो काय सोहळा चाले, तो बघायला मी रोज धुणं वाळत घालायचं निमित्त काढून परड्यात जायची. धुणं सकाळीच वाळलेलं असायचं, ते पुन्हा ओलं करायची.

आधी पाणी. एक घागर, एक बादली, आणि भिजवलेलं पोतं. शेजारी वाळूचं घमेलं. मग चिमूटभर राख वर उडवून वारा कुठला आहे ते बघायचं. वारा आमच्या बाजूचा असला तर त्या दिवशी फरशी पलीकडे सरकायची. हो, फरशी; कोळसा मातीवर नाही, गवताजवळ नाही, भिंतीला लागून नाही, परड्याच्या ऐन मधोमध एका घडीव दगडावर. रॉकेलचं नाव काढायचं नाही. एकदा मी काडेपेटी मिळत नाही म्हणून चुलीतल्या कालच्या निखाऱ्यावर रॉकेल शिंपडते असं बोलून गेले, तर त्यांनी मला तासभर दारात उभं करून झापलं, आणि शेवटी म्हणाले, विस्तव लागला तर माझ्याकडनं नेत जा, पण झाकणाचं मडकं घेऊन ये, उघडी गोवरी घेऊन आलीस तर हाकलून देईन. तेव्हापासून मी मडकं घेऊनच जात असे.

मग कोळसे. सुपारीएवढे फोडून घेतलेले. आणि इथंच मला पहिल्यांदा शंका आली की माणूस पुरता गेलेला आहे. कारण तवनाप्पा एकेक कोळसा उचलायचे, दगडावर हलकेच ठोकायचे, कानाशी न्यायचे आणि त्याला म्हणायचे, "होरग बर्री."

मी कान टवकारले. बाहेर या, असं कानडीत. कोळशाला अहो-जाहो.

"आप्पा, कोण बाहेर यायचंय?" मी न राहवून भिंतीवरून विचारलं.

"मुंग्या गं. पोत्यात बसत्यात. आपण न बघता पेटवायचं, आन त्येंनी जळायचं? माणसाचं घर वाचवायचं आन मुंगीचं जाळायचं, ह्ये कुठलं आलंय?"

मुंगी निघाली तर तिला पानावर घेऊन पेरूच्या झाडापाशी सोडून येत. नाही निघाली तर जरा हिरमुसलेले दिसत.

कोळसा पेटला की तोंडानं फुंकायचं नाही, ठिणगी उडते. विंझण्यानं वारा घालायचा. आणि काळा कोळसा घरात न्यायचा नाही म्हणजे नाही. सगळीकडून लाल झाला, वर पांढरी साय धरली, की मगच चिमट्यानं झाकणाच्या मडक्यात. अर्धवट पेटलेल्या कोळशाच्या धुरानं माणसाचं डोकं जड होतं आणि माणूस झोपेतच जातो, असं ते सांगत. म्हणून थंडीतसुद्धा त्यांची खिडकी आणि मागचं दार सताड उघडं. ओढून झालं की गेले तेवढे इंगळ परत आले का ते बघायचे, पाण्यात बुडवायचे, आणि मग विझल्याची खात्री म्हणून तळहातात घेऊन बसायचे. एवढं सगळं दिवस मावळायच्या आत. सूर्य खाली जायला लागला की इकडं त्यांची धांदल बघावी.

मी आत्याबाईंना म्हणायची, या माणसाला ओढायला वेळ कधी मिळतो? सगळा वेळ तर पेटवण्यात जातो.

त्यांची बायको, चंद्राक्का, अगदी उलट. शांत, गोरीपान, गुडघ्यांनी अधू. घराबाहेर पडायची ती फक्त बस्तीत. अष्टमी-चतुर्दशीला कडक उपास. बस्तीत तिच्याशेजारी बसायला बायकांची चढाओढ. तिची स्तवनं ऐकायला मीसुद्धा, मराठ्याची सून, दारात जाऊन बसायची. बाया म्हणायच्या, काय ही बाई आणि काय हा नवरा. चंद्राक्काच्या पुण्याईवर त्याची गुडगुडी तरतेय.

आणि या गुडगुडीपायीच तवनाप्पांना एक गोष्ट मिळत नव्हती. त्यांना एकदा, मरायच्या आधी एकदा, वर्षाच्या मोठ्या पूजेला मूर्तीवर अभिषेकाचा पहिला कलश घालायचा होता. ही इच्छा ते काही लपवून ठेवत नसत. बस्तीतले दिवे तेच सांभाळायचे, दिव्यावर पाखरू येऊ नये म्हणून तासन्‌तास उभे राहायचे. पण पहिला कलश निर्व्यसनी माणसाचा, असा तिथला नेम होता. पूजेच्या दिवशी हा माणूस खांबाआड उभा राहून दुसऱ्याच्या हातातल्या कलशाकडे बघायचा. ते बघून माझ्यासारख्या तिखट बाईचाही जीव तुटायचा.

एका वर्षी बस्तीचे पंचच घरी आले. ओसरीवर बसले. मी परड्यात ओलं धुणं पुन्हा ओलं करत होते, कान भिंतीपलीकडे.

"तवनाप्पा," थोरले पंच म्हणाले, "औंदा कलश तुमाला द्यायचा असं सगळ्यांच्या मनात हाय. तेवढी गुडगुडी सोडा. आज सोडतो म्हणा, झालं."

मला वाटलं, आता हा माणूस उडी मारणार. आधी आतलं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग तवनाप्पा म्हणाले, "सुटत न्हाय बघा."

"देवासाठीबी न्हाय?"

"न्हाय."

पंच उठून गेले, पाणीसुद्धा न घेता. आणि माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. मी म्हटलं, काय हा माणूस, मुंगीसाठी तासभर घालवतो आणि देवासाठी एक नळी टाकवत नाही? दुपार कलली, भिंतीपलीकडं गुडगुड सुरू झाली, तेव्हा तर मला ते ऐकवेना. झाकणाचं मडकं उचललं, विस्तवाचं निमित्त केलं आणि परड्याच्या भिंतीला पडलेल्या खिंडीतून त्यांच्या मागच्या दारात गेले. चार शब्द ऐकवूनच येते, असं आत्याबाईंना सांगून निघाले होते.

दार सताड उघडं होतं. आत पलंगावर चंद्राक्का बसली होती. पाय लांब केलेले, डोळे मिटलेले, आणि तोंडात गुडगुडीची नळी. तवनाप्पा खाली जमिनीवर बसून चिमट्यानं इंगळ सारखे करत होते.

माझ्या हातातून मडकं निसटलं. फुटलं. आमच्या बेळगुंदीला बाई मिश्री लावते, फार तर पान खाते. आणि ही चंद्राक्का, जिच्या पाया पडायला बाया रांग लावतात, ती बाप्यासारखी धूर सोडत होती, तोही नाकातून.

तवनाप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. चंद्राक्कानं मात्र नळी खाली ठेवली, पदर सावरला आणि म्हणाली, "ये, बस गं पोरी. बघितलंस न्हवं, मग उभी का?"

मी बसले.

तिनंच सांगितलं. लग्नानंतर एक मूल झालं, ते राहिलं नाही. तिला झोप येईना, अन्न जाईना, नुसती भिंतीकडं बघत पडायची. सुईण म्हातारी होती, तिनं स्वतःची गुडगुडी पुढं केली, दोन दम दिले. त्या दिवशी चंद्राक्का झोपली. मग ती सुटलीच नाही. पहिल्यांदा कुणीतरी बाहेर आवाज ऐकला आणि विचारलं, कोण ओढतंय, तर तवनाप्पा चटकन बोलून गेले, मी. त्यांनी मात्र कधी नळीला ओठ लावले नव्हते.

"मगाशी मी उठत हुते," चंद्राक्का म्हणाली. "पंचांला सांगणार हुते, ओढतीया ती मी. ह्येंनी दार लावून घेतलं."

"तू गप," तवनाप्पा म्हणाले.

"आप्पा, मग सांगा की खरं," मी म्हटलं. "कलश तुमचा हाय."

"आन बस्तीत हिच्या शेजारी कोण बसंल? तू सांग. एक तरी बाई बसंल?" ते इंगळाकडेच बघत होते. "हिला घराभायेर दुसरं काय हाय गं? तेवढं एक बस्तीत जाणं. कलशाचं काय, मागनं बघितला तरी दिसतोय की."

मी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. घरी आले आणि आत्याबाईंनी विचारलं, ऐकवलंस का त्याला? मी म्हटलं, चांगलं झापलं. माझा आवाज घोगरा झाला होता, तो त्यांना रागाचा वाटला.

पुढं लढाई संपता संपता चंद्राक्का तापानं गेली. फार दिवस पडून नव्हती. तवनाप्पा रडताना मला दिसले नाहीत. विहिरीवरून पाणी आणायचे, घागर भरून ठेवायचे आणि भरलेल्या घागरीपाशी बसून राहायचे. परड्यातली फरशी तशीच पडून राहिली.

सुतक फिटलं, महिने गेले, मोठी पूजा आली. पंच पुन्हा ओसरीवर. या वेळी त्यांनी काही मागितलंसुद्धा नाही. "गुडगुडी बंद हाय असं कानावर आलंय. लई चांगलं केलंसा. उद्या पहिला कलश तुमचा."

तवनाप्पांनी नुसते हात जोडले. मी आमच्या ओसरीवरून बघत होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, आता कुणाचं काही बिघडत नाही. खोटंही बोलायला नको, गप्प बसलं की झालं.

त्याच दिवशी मी विहिरीवर गेले, तर तिथं बायांचा घोळका. एक म्हणाली, "चंद्राक्का गेली आन गुडगुडी थांबली. त्याच दिवसापास्नं. कसं गं ह्ये?" दुसरी म्हणाली, "नवऱ्याचं व्यसन बायकोबरोबर कसं जाईल?" आणि मग ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. तिसरी म्हणाली, तिच्या अंगाला कधीकधी वास यायचा, मला वाटायचं नवऱ्याचा. आमच्या आत्याबाईसुद्धा रिकामा पोहरा हातात धरून विचारात पडल्या होत्या. मी रिकामी घागर घेऊनच परत आले आणि खिंडीतून जाऊन तवनाप्पांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं त्यांचा चेहरा बघून वाटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोणकोण हुत्या?"

"सगळ्याच हुत्या, आप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला जायला गल्ली सजून बाहेर पडली. पांढरी धोतरं, नव्या साड्या, पुढं वाजंत्री, आणि तवनाप्पांना घ्यायला थोरले पंच स्वतः. मी आणि आत्याबाई दारात उभ्या. आणि बघतो तर काय, तवनाप्पा पूजेचं धोतर न नेसता ओसरीच्या पायरीवर, भर रस्त्यावर, गुडगुडी मांडून बसलेले. शेजारी पाण्याची घागर, वाळूचं घमेलं, चिलमीवर पांढरी साय धरलेले इंगळ. सगळ्यांच्या देखत त्यांनी नळी तोंडात धरली आणि ओढली.

वाजंत्री थांबली.

पहिल्या दमातच त्यांचा चेहरा जांभळा पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खोकला त्यांनी छातीत दाबून धरला, कसा धरला देव जाणे, आणि दुसरा दम घेतला. मग तिसरा. "सुटत न्हाय बघा," पंचांना म्हणाले. "चार महिनं लई सोसलं. न्हाय सुटत."

थोरल्या पंचांनी मान हलवली आणि ते पुढं चालायला लागले. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. जाता जाता त्या विहिरीवरल्या बाया एकमेकींना म्हणाल्या ते मी या कानांनी ऐकलं. "बिचारी चंद्राक्का. जन्मभर ह्या धुरात काढलं तिनं." आणि आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला, म्हणाल्या, "पुण्यवान बाई हुती."

गल्ली रिकामी झाली तसे तवनाप्पा पायरीवरच कलंडले आणि खोकायला लागले. मी धावत गेले, नळी हातातून काढून घेतली, पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं. मला रडू आवरत नव्हतं आणि हसूही आवरत नव्हतं, असला अवतार झाला होता त्यांचा. बस्तीकडून घंटेचा आवाज आला. पहिला कलश घातला गेला असणार. त्यांनी तिकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या नळीकडं.

श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाले, "पोरी, कसं गं वडत असंल ही? मला कवा बोलली न्हाय, एवढं कडू असतंय म्हणून."